दक्षिणेच्या भिंतीतलं भोक

ह्यॉन तेकबोंगने रचलेली भिंत आमच्या जेजू बेटावर कुठेही ओळखू येते. तिच्यातून पलीकडचं आकाश दिसतं.

चुना नाही, माती नाही. काळा, सच्छिद्र दगड दगडावर टेकलेला आणि मध्ये मध्ये मुठीएवढ्या फटी. समुद्रापलीकडून आलेल्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याने काम अर्ध्यात सोडलं. वारा सुटला की मग त्याला कळतं. गच्च भरलेली भिंत वाऱ्याशी भांडते आणि आडवी होते. तेकबोंगची भिंत वाऱ्याला वाट देते आणि सकाळी पाहावं तर जागच्या जागी उभी असते. शेतांना, संत्र्यांच्या बागांना, थडग्यांभोवती त्याने आयुष्यभर अशाच भिंती घातल्या. दगड उचलला की तो हातात एकदा फिरवून बघायचा, मग ठेवायचा. ठेवलेला दगड त्याने परत उचलल्याचं कोणी पाहिलं नाही.

तरुणपणी तो दुसऱ्यांच्या रानात कामाला असायचा, तेव्हा त्याची बायको यांग बुनसिम दुपारचं जेवण घेऊन यायची. भिंतीच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशा बाजूला दोघं बसायची. जेवण झालं की ती एक डोळा मिटून नव्या भिंतीतून पलीकडे बघायची.

"ही फट मोठी राहिली. इथून मांजर जाईल."

"मग मांजरानं कुठून जायचं?"

"कुठूनही जाऊ दे. माझ्या भिंतीतून नको."

माझ्या भिंतीतून, असंच म्हणायची. आणि ते खरंच होतं. दगड पाठीवरून तिनेही वाहिले होते.

काही वर्षांपूर्वी, थंडीच्या तोंडाशी, बुनसिमला झटका आला. अंग अर्धं गेलं. ते थोडंफार परत आलं, पण आठवण वाळूसारखी निसटत राहिली. मुलगी सुनए समुद्रापलीकडे बुसान शहरात मासळीबाजारात कामाला होती. तिने आईला आपल्या खोलीजवळच्या शुश्रूषागृहात नेलं. तेकबोंग म्हातारा, एकटा, तो तरी तिचं किती करणार? आणि सुनएच्या खोलीत दुसरं अंथरूण मावत नव्हतं. तेव्हा तो बेटावर राहिला.

तिकडे बुनसिम जेवेना. चमचा ओठांशी नेला की ओठ मिटायचे. नर्सनी गोड बोलून पाहिलं, दटावून पाहिलं. एका संध्याकाळी सुनएने आईजवळ बसून बापाला व्हिडिओ फोन लावला होता. शेजारणीने आपला फोन त्याच्यासमोर धरला होता आणि तो स्वयंपाकघरात जेवत बसला होता. सुनएने फोन आईकडे वळवला. नवऱ्याने घास घेतलेला बुनसिमने पाहिला आणि तोंड उघडलं.

मग ते रोजचंच झालं. सुनएने बापाला एक टॅब घेऊन दिला, घरात नेट घेतलं. टॅब सोयाबीनच्या सॉसच्या बरणीला टेकवून ठेवायचा, हिरवं बटण दाबायचं, एवढंच तेकबोंगला जमायचं. खिशातला घडीचा फोन नुसता बोलण्यापुरता होता. दिवस कलला की बटण दाबायचं आणि जेवायला बसायचं. त्याचा घास, मग तिचा घास. बोलणं फारसं नसे. तिला त्याचं नाव आठवत होतं की नाही, कोण जाणे. पण ते स्वयंपाकघर तिला ठाऊक होतं. कधीकधी त्याच्या मागे बघून ती म्हणायची, "झाकण सरकलंय बघा." खरंच सरकलेलं असायचं.

तर असं चाललेलं असताना घरमालकाच्या मुलाला घर हवं झालं.

आमच्याकडे घर बदलायचं ते थंडीच्या शेवटी, शिनगुगानच्या आठवड्यात. तेव्हा जुने देव वर्षाचा हिशेब द्यायला वर गेलेले असतात आणि नवे अजून उतरलेले नसतात. चूल, उंबरा, संडास, अंगणाचा कोपरा, सगळं बिनदेवाचं. त्या आठवड्यात खिळा मारा, दगड हलवा, भिंत फोडा, कोणी रागावत नाही. एरवी केलं तर तिथला देव कोपतो, आणि घरातलं जे माणूस सगळ्यात अशक्त त्याला धरतो. बुनसिम हे कडकपणे पाळायची. तिला झटका आला त्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात, ती नको नको म्हणत असताना तेकबोंगने संडासाजवळची एक पायरी काढून स्वयंपाकघराच्या दाराशी बसवली होती. दगड चांगला होता म्हणून. हे तो कधी कोणाशी बोलला नाही. पायरी मात्र पुढच्या शिनगुगानात गुपचूप परत नेऊन ठेवली होती.

नवं घर डोंगराच्या अंगाला मिळालं, एका संत्र्याच्या बागेत. बागेच्या भिंती सांभाळायच्या आणि राहायचं, असं ठरलं. घर बघून आल्यावर सुनएचा फोन आला.

"बाबा, आधी नेटचं बघा. भांडीकुंडी मागून."

"बघतो."

"बघतो नाही. उद्या जा. त्या आठवड्यात सगळं बेट घर बदलतं, लाईनवाले हाताला लागत नाहीत. आणि तिथं लाईन कुणाची येते ते विचारा. आपल्याच कंपनीची येईल असं धरून बसू नका."

तो दुसऱ्या दिवशी खाली बाजारात गेला. दुकानात गर्दी होती. काउंटरवरच्या बाईने नव्या घराचा पत्ता घालून पाहिला आणि मान हलवली.

"काका, तुमची आत्ताची कंपनी तिथवर जात नाही. रस्त्यापाशीच लाईन संपते."

"मग?"

"हा एक डबा आहे, तारेशिवाय चालतो. घरात ठेवला की झालं."

"बागेच्या मागं डोंगर आहे."

"डोंगर आहे?" तिने डबा बाजूला सारला. "मग तो नको. चित्र अडकत राहील. तुम्हाला काय बघायचं असतं? मालिका?"

"बायको."

बाईने वर पाहिलं. मग जरा हळू आवाजात म्हणाली, "अडकून चालायचं नाही मग. तिसरी एक कंपनी आहे, तिचा खांब बागेपाशी आहे. पक्की तार येईल घरात. वेग मोठा नको घ्यायला, तुम्हाला सगळ्यात लहान पुरे. पण तारीख..." तिने तारखा खाली सरकवल्या, पुन्हा वर सरकवल्या. "देव उतरतात त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याआधी एकही माणूस मोकळा नाही."

"त्याआधीच हवं."

"सगळ्यांना त्याआधीच हवंय, काका. तुमच्या मागं रांग बघा."

त्याने रांग बघितली आणि सही केली.

परत येताना बसमध्ये तो हिशेब करत होता. लाईन येणार म्हणजे भिंतीला भोक पडणार. देव उतरल्यानंतर, दुसऱ्याच दिवशी, घराची भिंत फोडायची. आणि घरातलं सगळ्यात अशक्त माणूस कोण, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. मग घरी पोचता पोचता त्याच्या मनात आलं, भिंत फोडायला लाईनवालाच कशाला हवा?

घर बदललं त्या सकाळी भाताचं भांडं आधी आत गेलं, तांदूळ भरून, बुनसिमने केलं असतं तसं. सामान लागायच्या आधीच तेकबोंगने छिन्नी काढली. भिंत जाड होती, बाहेरून काळा दगड, आतून मातीचा लेप. दक्षिणेच्या बाजूला, समोरचा खांब दिसत होता तिथे, त्याने सांध्यातला एक दगड सोडवला, त्या जागी नळीचा तुकडा बसवला आणि भोवती बारीक दगडांची चीप भरली. आतून पाहिलं तर नळीच्या तोंडाशी एक निळा ठिपका दिसत होता. आता देव खुशाल उतरू देत. लाईनवाल्याने यायचं, तार ओवायची, जायचं.

पण तो येईपर्यंतच्या संध्याकाळी उरल्या होत्या.

पहिल्या संध्याकाळी तेकबोंग जेवणाचा डबा आणि टॅब घेऊन खालच्या गावात वृद्धांच्या बैठकीच्या खोलीत गेला. तिथे नेट होतं. चार म्हातारे पत्ते खेळत होते, दोन म्हाताऱ्या लांब मेजावर मुळ्याचं सार वाढत होत्या. त्याने टॅब उभा केला, बटण दाबलं आणि घास घेतला.

बुनसिमने पाहिलं. लांब मेज, वाफाळती भांडी, ओळीने बसलेली काळ्या कोटातली म्हातारी माणसं.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कोणी नाही गं. मी जेवतोय."

"कोण गेलं, सांगत का नाही? मयताचं जेवण आहे ना ते?"

पत्ते खेळणाऱ्यांतला एक जण मान वळवून म्हणाला, "वहिनी, अजून आम्ही सगळे आहोत. हा हरतोय तेवढा मरायला टेकलाय." बाकीचे हसले. पण बुनसिमचा चेहरा पडत गेला. ती रडायला लागली, लहान मूल रडतं तशी, तोंड उघडं टाकून, आणि त्या उघड्या तोंडात घास मात्र जाईना. सुनएने फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी तो खाली गेला नाही. सुनएचा आवाज घडीच्या फोनवर आला. "दोन चमचे पेज गेली. सकाळी." त्याच्या पुढच्या दिवशी तेवढंही नाही. डॉक्टर नाकातून नळी घालायचं म्हणत होते.

"घालू देऊ का, बाबा?"

"लाईन येऊ दे," तो म्हणाला.

त्या दिवसांत त्याने नवं स्वयंपाकघर जुन्यासारखं लावलं. बरणी तिथेच, भाताचं भांडं तिच्या डाव्या हाताला, झाकण जरा सरकलेलं. जुन्या घरातली मोडक्या दांड्याची पळीसुद्धा त्याच जागी टांगली. एकच गोष्ट त्याला हलवता येत नव्हती. जुन्या घरात खिडकी पाठीमागे होती. इथे ती बाजूला होती आणि उजेड पाठीऐवजी गालावर पडत होता.

देव उतरले. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर लाईनवाला आला. नाव बू ग्वांगसु, चाळिशीचा, आठवडाभराच्या जागरणाने डोळे लाल झालेले. त्याने घराभोवती एक फेरी मारली आणि दक्षिणेच्या भिंतीपाशी थांबला.

"काका, हे भोक कोणी पाडलं?"

"मी."

"सुरेख पाडलंय. पण चुकीच्या भिंतीला."

"खांब इकडे आहे." तेकबोंगने बोट दाखवलं.

"तो बागेच्या पंपाचा. त्याच्यावरून पाणी येईल, नेट नाही येणार. आमचा खांब मागं आहे, उत्तरेला. तुम्ही पाहिला नाही?"

पाहिला होता. पण त्या खांबावरून लाईन येईल हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. उत्तरेकडून हिवाळ्याचा वारा येतो. ज्याने जन्मभर वाऱ्याकडे बघून दगड ठेवला, तो उत्तरेच्या भिंतीला भोक पाडण्याचा विचारच करू शकत नाही. दुसऱ्या कोणाची अशी चूक झाली नसती.

"उत्तरेला भोक कोण पाडतं?" तो पुटपुटला.

"मी पाडतो. रोज पाडतो. मशीन आहे, पाणी उकळेपर्यंत होईल." ग्वांगसु गाडीकडे वळला. मशीन घेऊन परत आला तेव्हा तेकबोंग उत्तरेच्या भिंतीला पाठ लावून उभा होता.

"सरका, काका."

"देव उतरलेत."

ग्वांगसुने मशीन खाली ठेवलं. "माझी आईपण अशीच. कॅलेंडरला खिळा मारायचा तर म्हणाली, आता पुढच्या वर्षी. वर्षभर कॅलेंडर तांदळाच्या डब्याला टेकून बसलं होतं. पण काका, कंपनीला देवांचं कारण सांगता येत नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी तसं कळवतो आणि जातो. पुढची तारीख कधी मिळेल ते सांगता येणार नाही."

"समोर दिसलो की बायको जेवते," तेकबोंग म्हणाला. "बुसानला असते. तीन दिवस झाले, जेवली नाही. आणि भिंत फोडली तर..." तो पाठ भिंतीला लावून तसाच उभा राहिला.

ग्वांगसुने गाडीतल्या तारेच्या वेटोळ्याकडे बघितलं.

"तार हवी तेवढी आहे माझ्याकडे," तो शेवटी म्हणाला. "घराला वळसा घालून तुमच्या भोकापर्यंत आणता येईल. पण जागोजागी खिळे मारून धरावी लागते. लोंबती सोडली तर या वाऱ्यात आठ दिवस टिकायची नाही."

"खिळा नको."

"मग कशात धरायची?"

तेकबोंग भिंतीपासून हलला. बागेची दगडी भिंत मागच्या खांबापाशी सुरू होऊन घराला वळसा घालत दक्षिणेच्या कोपऱ्यापर्यंत येत होती. त्याने तिच्या एका फटीतून हात घातला आणि पलीकडून बोटं हलवली.

ग्वांगसु हसला. त्या दिवसातलं ते त्याचं पहिलं हसू असावं. "बघा, आत काच असते. केसाएवढी. जास्त वाकवली की मोडते."

तेकबोंगने तार हातात घेतली. दगड बघायचा तशी फिरवून बघितली, हळूच वाकवली, किती वाकते ते बोटांना कळू दिलं.

"हिच्यातून काय जातं?"

"उजेड."

"मग फटीतून जायला काही अडचण नाही."

दोघांनी ती ओवली. एक भिंतीच्या अलीकडे, एक पलीकडे. कुठली फट आत ओढते, कुठली बाहेर सोडते हे तेकबोंग सांगायचा. वळण कुठे अंगावर येतंय हे ग्वांगसु सांगायचा, तिथे ती मागे घ्यायची आणि दुसरी फट शोधायची. एक दगड हलवला नाही, एक खिळा मारला नाही. शेवटी भिंतीच्या टोकापासून नळीपर्यंत वळचणीखालचा तुकडा राहिला, तो तेकबोंगने गवताच्या दोरीने बांधला, पूर्वी छपरं बांधायचे तसा. तार नळीतून आत आली. ग्वांगसुने तिचं टोक जोडलं, राउटर लावला. एक दिवा बराच वेळ लाल राहिला आणि मग हिरवा झाला.

"संध्याकाळ व्हायला आली. लावा फोन," ग्वांगसु म्हणाला. तेकबोंगने कोटाच्या दोन्ही खिशांत कोंबून दिलेली संत्री सांभाळत तो गेला.

तेकबोंगने भात वाढला, टॅब बरणीला टेकवला आणि बटण दाबलं.

बुनसिमचा चेहरा आला. गाल आत गेले होते. मागे सुनएच्या हातात वाटी होती.

"आई, बघ, बाबा जेवायला बसलेत."

बुनसिमने पाहिलं. बरणीकडे, भांड्याकडे, मग त्या वेगळ्या बाजूने येणाऱ्या उजेडाकडे.

"हे घर कुणाचं?"

"बाबांचंच गं. आपलंच."

"नाही."

त्याने घास घेतला. तिने तोंड उघडलं नाही. त्याने पळी दाखवली, झाकण सरकवून दाखवलं. ती हळूहळू उशीवर तोंड फिरवू लागली.

तेकबोंगला काय करावं सुचेना. टॅब उचलून तो घरभर फिरू लागला, बुनसिम बघत नव्हती तरी. इथे अंथरूण आहे बघ, इथे तुझी टोपली, असं काहीबाही म्हणत. दक्षिणेच्या भिंतीपाशी नळीशेजारच्या चिपांतून वारा बारीक वाजत होता. घाईत भरलेल्या चिपा. तिथे एक फट राहून गेली होती.

"थांबा," बुनसिम म्हणाली.

तो थांबला. तिने मान परत वळवली होती. एक डोळा मिटला होता.

"ही फट मोठी राहिली."

तेकबोंगने मागे वळून फटीकडे बघितलं.

"इथून मांजर जाईल," ती म्हणाली. मग त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि तिचा चेहरा निवळला. "तुम्ही इथं कामाला आलात होय?"

सुनए सांगायला लागली, "अगं आई, ते आता तिथंच..." तेकबोंगने हात वर केला आणि ती थांबली.

या घरात भाताचं भांडं त्याने आधी नेलं होतं. चूल मांडली होती, तिच्यासाठी सगळं जागच्या जागी लावलं होतं. जुनं घर गेलं होतं. आणि आता हो म्हटलं की हेही त्या दोघांचं होणार नव्हतं. तिच्या लेखी तो दुसऱ्याच्या रानात भिंत घालणारा माणूस होता. दोघांचं घर तिच्या डोक्यात कुठेतरी होतं, पण तिथवर पोचायची वाट आता त्याला माहीत नव्हती.

"हो," तो म्हणाला. "कामाला आलोय."

"जेवण दिलं का त्यांनी?"

"दिलं की."

"मग बसा. गार होतंय."

तो भिंतीच्या कडेला जमिनीवर बसला. टॅब समोरच्या पाटावर उभा केला, मागे ती फट दिसेल असा. भांडं मांडीवर घेतलं.

"तू?" त्याने विचारलं.

"मी आणलंय माझं," बुनसिम म्हणाली आणि सुनएच्या हातातल्या वाटीकडे वळून तोंड उघडलं.

तेव्हापासून रोज असंच चालतं. जेवण संपत आलं की ती विचारते, काम किती राहिलं, घरी कधी येणार. संपलं की येतो, असं तो सांगतो.

वर्ष फिरून आलं. देव पुन्हा वर गेले, बेटभर सामानाच्या गाड्या धावू लागल्या, घराघरांतून हातोडे वाजायला लागले. बागेचा मालक थंडीवाऱ्याची चौकशी करायला आला. दक्षिणेच्या भिंतीपाशी उभा राहून त्याने फटीपुढे हात धरला.

"अहो, वारा येतोय इथून. आठवडाच आहे, घ्या बुजवून."

तेकबोंगने फटीकडे बघितलं.

"राहू दे," तो म्हणाला. "काम चालू आहे अजून."